खोलीत माणसं किती

तीर्थपुरी
१२ एप्रिल २०२५

सौ. दैवशाला हिस,
बद्रीनाथचा आशीर्वाद.

एका गंभीर गुन्ह्याची फिर्याद तुझ्या दरबारी दाखल करतो आहे. आरोपी पांढऱ्या रंगाचा, वीतभर लांबीचा, नाव रिमोट, राहणार आमच्या घरी. आरोप असत्य भाषणाचा. गेले आठ दिवस हा इसम भर दुपारी कपाळावर '२४' लिहून उजळ माथ्याने टेबलावर पडलेला असतो, आणि त्याच्या शेजारच्या भिंतीवर, शाळेच्या प्रयोगशाळेतून उसना आणलेला थर्मामीटर ३२ दाखवतो. दोघांपैकी एक खोटा. थर्मामीटर शाळेच्या सेवेत असल्यामुळे आधी संशय त्याच्यावर घेतला. बर्फाच्या पाण्यात बुडवून त्याची साक्ष काढली. शून्य दाखवून तो निर्दोष सुटला. उरला रिमोट.

चेष्टा बाजूला. बापूंच्या खोलीत एसी बसवला हे तुला फोनवर सांगितलंच. गेल्या मे महिन्यात उन्हाने त्यांचं काय झालं ते तू डोळ्यांनी पाहिलंस, पाच दिवस दवाखान्यात डबा तूच आणत होतीस. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं, की चौऱ्याऐंशीव्या वर्षी अंगाला उन्हाशी झुंजता येत नाही, पुढच्या उन्हाळ्यात दुपारी खोली अठ्ठावीसच्या वर जाऊ देऊ नका. आमची खोली बत्तिसाच्या खाली उतरायला तयार नाही. एप्रिल अर्धा सरलेला नाही, मे अजून यायचा आहे.

ज्याच्याकडून यंत्र घेतलं तो राधेश्याम म्हणतो, "सर, दीड टन कमी पडून राह्यला. दोन टनाचा टाका, खोलीत स्वेटर घालून बसाल." महिनाअखेरपर्यंत बदलून द्यायला तयार आहे. मी माणूस धातू आणि प्रत्यय यांतला. टनातलं मला काही कळत नाही. तू बियाणे कंपनीच्या शीतगोदामाची धनीण, मक्याच्या दाण्याला कुठे बसवलं म्हणजे बरं वाटतं हे तुला कळतं. तुझ्या या मामांना मक्याचा दाणा समजून सल्ला दे.

हे फोनवर का विचारत नाही? फोन आला की बापू स्पीकर लावायला लावतात, आणि त्यांच्याविषयी त्यांच्यासमोर बोलणं मला जमत नाही. प्रभावती आमच्या भावनाच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेली आहे, जूनपर्यंत यायची नाही. घरात आम्ही दोघेच. आमच्या शाळेतले भारत सर रोज जालन्याहून जाऊन-येऊन करतात, त्यांच्या हाती पत्र पाठवतो.

तुझा,
बद्रीभाऊ


नवीन जालना
१४ एप्रिल

बद्रीभाऊ, नमस्कार.

आज सुटी आहे म्हणून निवांत लिहिते. राधेश्यामला म्हणावं, जरा दम धर. मी हिशेब केल्याशिवाय दोन टन बिलकुल घेऊ नको.

तुझा आरोपी निर्दोष आहे. रिमोटवरचा आकडा ही बातमी नसते, हुकूम असतो. तू वर्गात "शांत बसा" म्हणतोस, तसं. पोरं ऐकतील की न्हाई, ते वेगळं.

एसी थंडी तयार करत नाही हे आधी डोक्यात घे. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. हमाल आहे तो. टन म्हणजे त्याची उचलायची ताकद. पूर्वी बर्फाच्या लाद्यांनी गार करायचे, तेव्हापासूनचं हे माप आहे: एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उचलली की एक टन. आजच्या मापात साडेतीन किलोवॅट. तुझा दीड टनाचा हमाल सव्वापाच किलोवॅट उचलू शकतो.

आता तारे. तुझ्या यंत्राला पाच तारे आहेत असं तू फोनवर फार अभिमानाने सांगितलंस. तारे जास्त म्हणजे थंड जास्त असं न्हाई. थंड तेवढंच, खर्चा कमी. हमाल जेवतो किती आणि उचलतो किती, त्याचं ते प्रमाण. यंत्रावरच्या पट्टीवर पाचाच्या जवळपास आकडा असेल बघ. म्हणजे वर्षभराच्या हवामानाची सरासरी धरली तर एक युनिट वीज खाऊन पाच युनिट उष्णता बाहेर टाकतो. आपल्या मे महिन्यातल्या दुपारी मात्र एवढं जमत नाही, तीन-साडेतीनवर येतो. बाहेरच आग असली तर टाकणार कुठे?

आता मला माहिती पाठव. खोलीची लांबी-रुंदी, वर काय आहे, खिडकी कुठल्या बाजूला, व्होल्टेज किती मिळतं. एसीच्या तोंडाशी थर्मामीटर धर आणि हवा किती अंशांची येते ते बघ. एक दिवस बारा ते सहा एसी चालव, घरातलं बाकी जमेल तेवढं बंद ठेव, आणि मीटरचे सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे लिही. तासातासाला खोलीचं तापमान वहीत मांड. आमच्या गोदामात अशीच वही असते. बियाणं बोलत न्हाई, आपणच जाऊन बघायचं असतं.

आणि खोलीत माणसं किती असतात तेही लिही. हसू नको. माणूस नुसता बसला तरी शंभर वॅटच्या जुन्या बल्बइतका तापतो. माझ्या गोदामात चार जण आत गेले की काटा हलतो.

गेल्या वर्षीचं मनात ठेवू नको. तू तेव्हा शाळेत निकालपत्रकं करत होतास, तुझा काय दोष? मामांना नमस्कार सांग.

तुझी,
दैवशाला


तीर्थपुरी
१८ एप्रिल

सौ. दैवशाला हिस,

तुझ्या आज्ञेनुसार संशोधन पार पडलं. त्यात अर्धा लिटर दूध धारातीर्थी पडलं, कारण फ्रिज सहा तास बंद होता.

घरातली टेप गवंड्याने नेली ती अजून आली नाही. म्हणून खोली शास्त्रोक्त हस्ताने मोजली. हस्त म्हणजे चोवीस अंगुळं, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगताना बापूंनी पाहिलं.

"काय हरवलं रे?"
"काही नाही, माप घेतोय."
"कशाचं? कबर खोदून राह्यला का माझी?"

त्यांचा विनोद हा असा. मी हसलो नाही. खोली दहा हात लांब आणि सात हात रुंद भरली. माझा हात दीड फुटाला किंचित कमी आहे, पण शिक्षक असल्यामुळे वाढीव गुण दिले.

वर स्लॅब, त्याच्यावर थेट सूर्यनारायण. मार्चमध्ये चुन्याचे दोन हात दिले आहेत. खिडकी एक, पश्चिमेला, तिला जाड पडदा. स्टॅबिलायझर दोनशे वीस दाखवतो. एसीच्या तोंडाशी चौदा अंश. मीटर सहा तासांत नऊ युनिटं पुढे सरकला.

तापमान असं: बारा वाजता ३५. सव्वाबारा ३४. साडेबारा ३३. पाऊण ३३. एक वाजता ३३. सव्वा ३२. दीड ३२. पावणेदोन ३२. पुढची सगळी नोंद सोबत जोडली आहे, पण ती वाचण्यासारखी नाही. बत्तिसाचा जप आहे. सहापर्यंत एकदाही एकतीस नाही.

तुझ्या हमालाविषयी एवढंच म्हणतो, की आहार उत्तम आहे.

खोलीत माणसं: एक.

बद्रीभाऊ


नवीन जालना
२० एप्रिल

बद्रीभाऊ,

तुझ्या हातावर भरवसा ठेवून हिशेब केला. खोली साधारण पंधरा बाय साडेदहा फूट. बाहेर बेचाळीस असताना, चुना मारलेल्या स्लॅबखाली, एवढ्या खोलीत चार किलोवॅटच्या आतच उष्णता शिरते. दीड टनाला ती सहज झेपायला पाहिजे. दोन टनाची गरज न्हाई.

यंत्रही बिघडलेलं नाही. तोंडाशी चौदा अंश म्हणजे चांगलंच गार आहे. गॅस कमी असता तर त्याने वीजही कमी ओढली असती. तुझा तर तासाला दीड युनिट खातो, म्हणजे सहा तासांत एक मिनिट टेकलेला नाही. ही इन्व्हर्टरची यंत्रं खोली गार झाली की निम्म्या विजेवर येतात. तुझी खोली नुसती बंद असती, तर तासाभरात तो सावकाश झाला असता आणि सहा तासांत पाच युनिटांच्या वर गेला नसता.

थोडक्यात, हमाल बराबर आहे. माल संपत नाही. तो जेवढी उष्णता बाहेर टाकतो, तेवढी मागून कुठून तरी आत येते. आमच्याकडे असं झालं की मी एकच प्रश्न विचारते: दार कोणी उघडं ठेवलं?

खरं सांग.

दैवशाला


तीर्थपुरी
२२ एप्रिल

सौ. दैवशाला हिस,

मुद्देमालासह पकडलंस. मधलं दार उघडं असतं. बापूंच्या खोलीतली गार हवा माझ्या खोलीत येते, तिथून स्वयंपाकघरात, तिथून जिन्याने गच्चीवर. गेले दोन आठवडे मी तीर्थपुरीचं आकाश थंड करतो आहे. ग्रामपंचायतीने अद्याप आभाराचा ठराव घेतलेला नाही.

आता कारण ऐक. बापूंना दार लावलेलं चालत नाही. जुन्या वळणाचा माणूस. दिवसा दार लावलं की कोंडल्यासारखं होतं त्यांना. मी लावलं की त्यांचा चेहरा उतरतो. तू तुझ्या मामांना ओळखतेस. त्यांना या वयात शिस्त लावायला मी काही त्यांचा वर्गशिक्षक नव्हे, आणि त्यांनी मला लावली ती शिस्त अजून माझ्या कानामागे दुखते.

तेव्हा दार उघडंच राहणार हे गृहीत धरून नवा हिशेब कर. दोन टनाने भागेल का? की अडीच? राधेश्यामची मुदत तीस तारखेची आहे.

बद्रीभाऊ


नवीन जालना
२८ एप्रिल

बद्रीभाऊ,

काल न सांगता आले ते मुद्दाम. तुला वाटलं, भाची मामाला भेटायला आली. तेही होतंच. पण मनात होतं, की आपल्यात मामा भाचीचा शब्द खाली पडू देत नाही. मी सांगितलं तर दार लावतील. कमरेला पट्टा बांधलेला असून मामा माझ्या पाया पडायला वाकले, मी नको नको म्हणून राह्यले आणि तू बाजूला उभा राहून हसून राह्यल्तास. मंग तू दूध आणायला गेलास तेव्हा मी विषय काढला. तेव्हा जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मी म्हटलं, "मामा, दार लावू द्या ना. खोली गार होईल."

"लाव की. म्या कव्हा न्हाई म्हणलं?"

"बद्रीभाऊ म्हणतो, तुम्हाला कोंडल्यासारखं होतं."

"मला? अगं, मला गार वारं गोड लागून राह्यलं. म्या सोता दोन डाव दार लावलं. त्यो येतो, उघडतो, माझ्या तोंडाकडं बघतो आन् जातो. घडीभरानं पुन्हा हजर. भिंतीवर ते काचेचं टांगलंय, त्याच्याकडं बघितल्यावानी करतो, पर बघतो माझ्याकडंच."

"मग तुम्ही काही बोलत नाही?"

"काय बोलू? त्यो आला की म्या उगं खोकतो. त्याला बरं वाटतं."

मला हसू आलं, आणि मंग आलं नाही. घरी येऊन तुझी वही पुन्हा काढली. मी तुला तासातासाला तापमान लिहायला सांगितलं होतं. तू पंधरा-पंधरा मिनिटांनी लिहिलंस, बारा ते सहा, एकही नोंद न चुकवता. भाऊ, मी अठरा वर्षं गोदामात आहे. थर्मामीटरसाठी एवढ्या फेऱ्या कोणी मारत न्हाई.

म्हणजे दार मामांचं नव्हतंच, तुझं होतं. तुझ्यासमोर बोलले असते तर तू काहीतरी विनोद करून निसटला असतास, म्हणून लिहून पाठवते.

दोन टन घे, नाहीतर दहा टन. तू दार उघडत राहशील तोवर काही उपयोग नाही. आमच्या गोदामाच्या दाराला पारदर्शक पट्ट्यांचा पडदा असतो, माणसं ये-जा करतात तरी गारवा आत राहतो. तो तुझ्यासाठी न्यावा असं एकदा मनात आलं. पण त्यातून दिसेल धूसर, आणि एसीच्या घरघरीत ऐकू काहीच येणार नाही. तुझ्या फेऱ्या थांबायच्या न्हाईत.

त्यापेक्षा तुझं टेबल आत घे. शाळेला सुटी लागतेच आहे. दार लाव आणि आत बसून तुझं लिहिणं-वाचणं कर. एसी सव्वीसवर ठेव आणि पंखा हळू लाव, तेवढं पुरतं. चोवीस कशाला पाहिजे? तू लिहिलं होतंस, 'खोलीत माणसं: एक.' मी हिशेबात पहिल्यापासून दोन धरली होती. तुझ्या शंभर वॅटने हमालाला काही फरक पडत नाही.

एक मात्र मला कळलं नाही. गेल्या वर्षी तू शाळेत होतास. आता घरी आहेस, दोन पावलांवर. मग एवढं कशाचं? लिहावंसं वाटलं तर लिही, न्हाई तर राहू दे.

तुझी,
दैवशाला


तीर्थपुरी
४ मे

दैवशाला,

आरोपी रिमोट निर्दोष सुटला आहे. तो म्हणतो सव्वीस, थर्मामीटर म्हणतो सव्वीस. परवा आणि काल बारा ते सहा दार बंद होतं. पाच युनिटं, आणि काल पाचालाही थोडी कमी. राधेश्यामला सांगितलं की बदलायचा नाही. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू स्वेटर घालण्याचं माझं सुख मीच नाकारतो आहे.

टेबल गुरुवारी आत आणलं. बापूंची बाज खिडकीकडून या भिंतीला घेतली, म्हणजे समोर दिसते. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "हितं शाळा भरवून राह्यला का?" मी म्हटलं, हो, एकशिक्षकी. त्यांनी रेडिओ लावला. आवाज कमी करा असं मी म्हणालो नाही.

आता तुझा प्रश्न.

गेल्या वर्षी नऊ मे रोजी मी शाळेत नव्हतो. निकालपत्रकं केव्हाच झाली होती. मी मधल्या खोलीत होतो, कूलरसमोर. शाळेच्या वार्षिक अंकासाठी लेख लिहीत होतो. कशावर होता ते आता सांगायला लाज वाटते, संस्कृत काव्यातल्या ग्रीष्मवर्णनावर. बापूंच्या रेडिओचा आवाज मोठा होता, लक्ष लागेना, म्हणून उठून मधलं दार मी लावलं. तेव्हा एक वाजला होता. त्यांच्या खोलीत नुसता पंखा. सव्वातीनपर्यंत मी उठलो नाही. दाराआडून रेडिओ ऐकू येत होता, म्हणून बापू ठीक आहेत असं धरून चाललो. हिशेबात अशी गृहीतं धरायची नसतात, हे तू मला आत्ता शिकवलंस.

दार प्रभावतीने उघडलं, बाजारातून आल्यावर. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही, डोळे उघडे आणि नजर कुठेच नाही. रेडिओवर कापसाच्या पेरणीविषयी कोणीतरी बोलत होतं.

शाळेत होतो हे मी सगळ्यांत आधी तुला सांगितलं, दवाखान्याच्या पायऱ्यांवर. प्रभावती शेजारी उभी होती. ती तेव्हाही काही बोलली नाही आणि नंतरही नाही. वर्षभर ते सगळ्यांना सांगत आलो, आणि सांगता सांगता सफाईही आली. दाराचं बापूंवर ढकललं, तेही त्याच सफाईने.

तिसऱ्या दिवशी ते शुद्धीवर आले तेव्हा मी विचारलं, "बापू, दोन तास होते. हाक का मारली नाही?"

म्हणाले, "तू लिहीत बसल्तास."

एवढंच. रागाने नाही, तक्रार म्हणूनही नाही. मी सातवीत असताना माझा अभ्यास चालू असला की ते बैलांनाही हळू आवाजात हाकायचे, तसंच.

तेव्हापासून माझं असं झालं आहे. दार लागलं की मला त्याच्या पलीकडचं काही कळेनासं होतं आणि मी उठतो. आणि आता तू लिहितेस की ते मला बरं वाटावं म्हणून खोकतात. तेव्हा खोकल्याचीही साक्ष गेली.

हे पत्र त्यांच्या खोलीत बसून लिहितो आहे. खोली सव्वीसवर आहे. ते कुशीवर वळून पडले आहेत, जागे आहेत की झोपले ते समजत नाही, आणि मी लिहितो आहे हे त्यांना दिसतं. म्हणून दर दोन ओळींनी मान वर करून बघतो. उन्हाचं, विजेचं, यंत्राचं तू सांगितलंस ते मला पटलं, त्याची काळजी आता राहिली नाही. मला भीती वाटते ती एवढीच, की त्यांना काही झालं तरी ते मला हाक मारणार नाहीत.

बद्री